४५ गुण करून हरायचे कसे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलबद्दल मराठी वाचकापर्यंत जे थोडेफार पोचते ते क्वार्टरबॅकपुरते, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या गड्यापुरते असते. कोणी किती यार्ड फेकले, मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचा हाइजमन करंडक कोणाला मिळाला, पुढे व्यावसायिक संघाने त्याला किती लाख डॉलरना घेतले. लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया म्हणजे यूएससीचे उदाहरण घ्या. तिथल्या केलेब विल्यम्सने २०२२चा हाइजमन मिळवला आणि त्याचे नाव भारतातही पोचले. त्याच संघाच्या बचावाने त्याच्या कष्टांवर किती वेळा पाणी ओतले, हे मात्र फारसे कुणाला माहीत नाही. आज कितीतरी मराठी घरांतली मुले या विद्यापीठात शिकतात आणि शनिवारचा तिथला सामना इकडे रविवारी पहाटे लागतो. त्या घरांत 'एवढे गुण करूनही हे हरतात कसे?' हा प्रश्न हमखास निघतो. त्याचे उत्तर सविस्तर द्यावे, म्हणून हा पत्रप्रपंच.

खेळाची तोंडओळख दोन ओळींत. दोन्हीकडे ११ गडी. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना १० यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात, म्हणजे चार डाउन. १० यार्ड झाले की पुन्हा चार. शेवटची रेषा ओलांडली की टचडाउन, त्याचे सहा गुण, वर एक-दोन जादा गुणांची संधी. बचावाचे काम एवढेच की चार डाउनमध्ये १० यार्ड होऊ द्यायचे नाहीत.

आता २ जानेवारी २०२३चा कॉटन बोल हा मोसमअखेरचा सामना बघा. समोर टुलेन, म्हणजे आदल्या मोसमात १२पैकी १० सामने हरलेला संघ. विल्यम्सने ४६२ यार्ड आणि पाच टचडाउनचे पास फेकले. साडेचार मिनिटे उरली असताना यूएससी ४५-३० पुढे होते. तिथून हा सामना ४६-४५ असा गेला. टुलेनचा शेवटचा टचडाउन नऊ सेकंद बाकी असताना झाला. मधल्या काळात यूएससीने किकऑफचा चेंडू नीट न पकडल्याने स्वतःच्याच गोलरेषेजवळ अडकून आणखी दोन गुण दिले. तो दोष बचावाचा नव्हे, हे मान्य. पण बाकीचा हिशेब बघा. टुलेनच्या टायजे स्पीअर्सने २०५ यार्ड पळून चार टचडाउन केले. त्यांच्या क्वार्टरबॅकचे अख्ख्या सामन्यात फक्त आठ पास झेलले गेले, आणि त्या आठांत २३४ यार्ड निघाले. आठच पास झेलू देणे ही खरे तर चांगली कामगिरी. पण प्रत्येक झेलामागे सरासरी २९ यार्ड जात असतील तर त्याला बचाव म्हणत नाहीत.

२०२३च्या मोसमात तर कहर झाला. पहिले सहा सामने जिंकले खरे, पण त्यात कोलोरॅडोविरुद्ध ४८-४१ आणि ॲरिझोनाविरुद्ध तिसऱ्या जादा डावात ४३-४१ अशी दमछाक होती. मग नोत्र दामने ४८ गुण चढवले आणि युटाने ३४-३२ने हरवले. कॅलिफोर्नियाविरुद्धचा ५०-४९ हा विजय तर प्रतिस्पर्ध्याचा शेवटचा दोन गुणांचा प्रयत्न फसला म्हणून पदरात पडला. ४ नोव्हेंबरला वॉशिंग्टनने ५२-४२ने हरवले. त्यात डिलन जॉन्सन एकटा २५६ यार्ड पळाला आणि त्याने चार टचडाउन केले. दुसऱ्याच दिवशी बचाव प्रशिक्षक ॲलेक्स ग्रिंच यांना काढले. मोसमअखेर संघाने सामन्यामागे सरासरी सुमारे ३४ गुण दिलेले होते.

प्रशिक्षक बदलला की चाहत्यांचा राग शांत होतो. पण बिघाड कुठे होता हे त्यातून कळत नाही.

पहिला बिघाड फटींचा. समोरच्या आक्रमणफळीत मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, त्यापलीकडे टॅकल, असे पाच धिप्पाड गडी उभे असतात. सेंटर आणि गार्ड यांच्यातली ए फट, गार्ड आणि टॅकल यांच्यातली बी, टॅकलच्या बाहेरची सी. दोन्ही बाजूंच्या मिळून सहा फटी झाल्या. टाइट एंड, म्हणजे टॅकलशेजारी उभा राहणारा जादा गडी, आला की सातवी. बचावातल्या पुढच्या सहा-सात जणांपैकी प्रत्येकाच्या नावावर एक फट असते आणि ती सोडायची नसते. ग्रिंच यांची पद्धत वेगावर आणि चेंडू हिसकावण्यावर उभी होती. स्नॅप होताच, म्हणजे सेंटरने चेंडू मागे देताच, पुढची फळी एका बाजूला तिरपी घुसवायची, समोरच्याचा गोंधळ उडवायचा आणि त्या गोंधळात चेंडू काढून घ्यायचा. २०२२मध्ये याला यश आले, आणि चेंडू हिसकावण्यात हा संघ देशातल्या अव्वल संघांत होता. पण तिरपे घुसण्याची एक किंमत असते. फळी डावीकडे घुसली आणि चेंडू उजवीकडे गेला तर उजवीकडच्या फटी फळीमागच्या दुसऱ्या रांगेतल्या गड्याने, म्हणजे लाइनबॅकरने भरायच्या असतात. तो पाऊणभर सेकंद उशिरा निघाला, किंवा आक्रमणातल्या गार्डने त्याला गाठून ढकलले, की पुढे थेट सगळ्यात मागच्या बचावपटूपर्यंत, म्हणजे सेफ्टीपर्यंत मोकळे रान. अशाने चार यार्डांची धाव ४० यार्डांची होते. वजनदार आक्रमणफळीला तर तिरप्या घुसणाऱ्या गड्याविरुद्ध वेगळे काही करावे लागत नाही. तो ज्या दिशेने चालला आहे त्याच दिशेने त्याला आणखी थोडा ढकलून द्यायचा.

दुसरा बिघाड टॅकलचा, म्हणजे पळणाऱ्याला धरून पाडण्याचा. हा दूरदर्शनवर सगळ्यांना दिसतो, पण त्याचे कारण चुकीचे सांगितले जाते. 'पोरांत दम नाही' असे सर्रास म्हणतात. दमाचा काही संबंध नसतो. टॅकल बहुतेक वेळा पाय आणि कोन चुकल्यामुळे सुटतो. पळणाऱ्याच्या डोक्याकडे किंवा खांद्याकडे न बघता आपल्या बाजूच्या कमरेकडे बघायचे, कारण डोके-खांदे हुलकावणी देतात, कंबर देत नाही. दोन-तीन यार्डांवर आल्यावर पावले आखूड करायची, पण थांबायचे नाही. थांबला तो हुकला. मग जो खांदा लावायचा त्याच बाजूचा पाय पुढे, डोके वर आणि त्याच्या शरीराच्या मागच्या बाजूला, दोन्ही हातांनी मांड्या आवळायच्या आणि पाय चालवत राहायचे. डोके खाली घालून आडवी झेप घेणारा गडी टीव्हीवर शूर दिसतो. पण त्याला शेवटच्या यार्डात समोरचा दिसतच नाही. शिवाय डोक्याने धडक बसली तर टार्गेटिंगचा दंड होतो, १५ यार्ड जातात आणि गडी सामन्याबाहेर. या मोसमांत उत्तरार्धात असे झाले तर पुढच्या सामन्याचा पूर्वार्धही त्याला बाकावर काढावा लागे.

चेंडू हिसकावण्याचा हव्यास इथे आड येतो. आपल्याला कबड्डीवरून हे चटकन समजेल. कोपऱ्यावरच्या गड्याने चढाईवाल्याचा घोटा धरला की बाकीची साखळी त्याच्यावर कोसळते. पहिल्याचे काम फक्त धरून ठेवण्याचे. फुटबॉलमध्येही पहिल्याने धरायचे आणि दुसऱ्याने चेंडूवर ठोसा मारायचा. हिसकावलेल्या चेंडूंची संख्या रोज फळ्यावर मांडली जाऊ लागली की पहिलाच गडी चेंडूवर हात घालतो. त्यात चेंडू सुटला तर वाहवा होते, आणि नाही सुटला तर पळणारा १५ यार्ड पुढे गेलेला असतो. जमिनीवर सांडलेला चेंडू कोणाला मिळेल हे तर बरेचसे नशिबावर असते, लांबुळका चेंडू कुठेही उसळतो. म्हणून एका मोसमात भरपूर चेंडू मिळाले म्हणजे पुढच्यातही मिळतील हे गणित धरता येत नाही. २०२३मध्ये ते चेंडू आटले आणि झाकलेली मूठ उघडली.

तिसरा बिघाड क्वार्टरबॅक पळू लागला की होतो. युटाविरुद्ध यूएससीने शेवटच्या दोन मिनिटांत ३२-३१ अशी आघाडी घेतली. मग युटाचा बदली क्वार्टरबॅक ब्रायसन बार्न्स स्वतःच चेंडू घेऊन २६ यार्ड पळाला आणि वेळ संपता संपता फील्ड गोलने, म्हणजे चेंडू लाथेने खांबांमधून मारून मिळवलेल्या तीन गुणांनी, सामना गेला. अशा वेळी नेमके काय होते? क्वार्टरबॅकवर चाल करणारे चौघे त्याच्या रेषेच्या पुढे निघून जातात, मग त्याच्या समोर रिकामी गल्ली तयार होते. मागचे गडी माणसागणिक बचाव करत असतील तर त्यांची पाठ क्वार्टरबॅककडे असते, त्यामुळे तो पळाला हे त्यांना प्रेक्षकांच्या ओरडण्यावरून कळते. उपाय साधा आहे, फक्त कंटाळवाणा आहे. कडेच्या दोघांनी क्वार्टरबॅकच्या रेषेपर्यंतच जायचे, पुढे नाही. मधल्या दोघांनी आपापली गल्ली धरायची. किंवा एक लाइनबॅकर फक्त त्याच्यावर नजर ठेवायला मोकळा सोडायचा. जाता जाता, त्याच सामन्यात युटाच्या सिओने वाकीने पास झेलून १४९ यार्ड आणि दोन टचडाउन केले. हा वाकी मुळात त्यांच्या बचावातला सेफ्टी. माणसे कमी पडली म्हणून त्याला आक्रमणात उतरवले होते.

यात कॉलेजच्या नियमांचाही भाग आहे, तो न सांगणे अन्यायाचे होईल. मैदान १६० फूट रुंद. कॉलेजमध्ये आतल्या दोन खुणांच्या रांगांत ४० फूट अंतर असते, व्यावसायिक एनएफएलमध्ये फक्त साडेअठरा फूट. कॉलेजमध्ये चेंडू एका खुणेवर ठेवला की एका बाजूला ६० फूट आणि दुसऱ्या बाजूला तब्बल १०० फूट मैदान उरते. त्या १०० फुटांत वेगवान गडी मोकळा केला तर त्याला एकट्याने अडवणे फार कठीण. दुसरा नियम असा की कॉलेजमध्ये आक्रमणफळीतले गडी पास होण्याआधी तीन यार्ड पुढे गेले तरी चालते, एनएफएलमध्ये एकच यार्ड. त्यामुळे धाव की पास हे क्वार्टरबॅक चेंडू हातात आल्यावर ठरवतो. लाइनबॅकरला समोरची फळी धाव असल्यासारखी पुढे येताना दिसते, तो फट भरायला दोन पावले पुढे टाकतो आणि चेंडू त्याने नुकत्याच सोडलेल्या जागेवरून जातो. या लाइनबॅकरला शिव्या घालण्यात अर्थ नाही, कारण त्याला एकाच वेळी दोन कामे दिलेली असतात. चांगला प्रशिक्षक त्यातले एक काम सेफ्टीकडे सोपवतो आणि लाइनबॅकरला एकच काम ठेवतो.

क्वार्टरबॅक चेंडू हातात घेऊन पळण्याचा डाव असला की असेच होते. आक्रमण बचावफळीच्या टोकाच्या गड्याला, म्हणजे डिफेन्सिव्ह एंडला, मुद्दाम मोकळे सोडते आणि क्वार्टरबॅक फक्त त्याच्याकडे बघतो. तो आत धावला की क्वार्टरबॅक चेंडू ठेवून बाहेरून निघतो. तो बाहेर थांबला की चेंडू रनिंग बॅकच्या, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्या गड्याच्या पोटात. यावरचा जुना उतारा म्हणजे अदलाबदल, एंडने आत घुसायचे आणि लाइनबॅकरने त्याच्या मागून बाहेरची बाजू धरायची. पण हे दोघांना एकाच क्षणी ठाऊक हवे. दोघेही आत गेले तर काय होते ते यूएससीच्या चाहत्यांना नव्याने सांगायला नको.

मग ठाऊक का नसते? इथे सरावाचा प्रश्न येतो. नियमाने विद्यार्थी खेळाडूला मोसमात आठवड्याला २० तास आणि दिवसाला चार तासच सराव करता येतो, त्यात सामन्याचे तीन तास धरले जातात. उरलेल्या १७ तासांत बैठका, व्यायाम, चित्रफिती आणि मैदान, सगळे बसवायचे. ट्रान्सफर पोर्टलमुळे, म्हणजे खेळाडूंना कॉलेज बदलण्याची सोय असल्यामुळे, दर वर्षी बचावातली निम्मीशिम्मी माणसे नवी असू शकतात आणि प्रत्येक जण आधीच्या कॉलेजातले इशारे डोक्यात घेऊन येतो. पास झेलणारे तिघे एका झुबक्यात उभे राहिले की कडेचा बचावपटू कॉर्नरबॅक आणि सेफ्टी यांनी स्नॅपच्या आधी ठरवायचे असते, आत वळेल तो तुझा, बाहेर जाईल तो माझा. एकाने हात वर केला आणि दुसऱ्याने बघितला नाही, तर दोघे मिळून एकाला धरतात आणि दुसरा मोकळा पळतो. टीव्हीवर तो मोकळा गडी दिसला की समालोचक कॉर्नरबॅकचे नाव घेतो. चूक कोणाची हे खरे तर बाहेरून कळत नाही.

त्यात समोरचा संघ माणसे न बदलता भराभर खेळू लागला की बचावाला दमलेला गडीही बाहेर काढता येत नाही. आक्रमणाने माणूस बदलला तरच बचावाला बदलायला वेळ द्यावा लागतो, असा नियम आहे. २०२४पासून मैदानावरच्या एका गड्याच्या शिरस्त्राणात रेडिओ चालतो, पण तो स्नॅपच्या घड्याळात १५ सेकंद उरले की बंद होतो. त्यानंतर समोरच्याने रचना बदलली तर जे काही बोलायचे ते गड्यांनी आपसात. म्हणून जास्त डाव शिकवण्यापेक्षा एका शब्दात सांगता येतील असे मोजके डाव पक्के करणे शहाणपणाचे.

सरावात अंगावर अंग आदळले तर दुखापती होतात, म्हणून टॅकल शिकवता येत नाही, हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. तो टिकत नाही. डार्टमथ कॉलेजचे प्रशिक्षक बडी टीव्हन्स यांनी २०१०मध्येच सरावात एकमेकांना पाडणे बंद केले. तिथल्या अभियांत्रिकीच्या मंडळींनी दूरनियंत्रणावर पळणारा बाहुला तयार केला आणि मुले त्याच्यावर टॅकलचा सराव करू लागली. २०१५मध्ये डार्टमथने जुन्या नामवंत विद्यापीठांच्या आयव्ही लीगचे संयुक्त विजेतेपद मिळवले, आणि २०१६मध्ये आख्ख्या आयव्ही लीगने मोसमातल्या सरावात प्रत्यक्ष पाडापाडी बंद केली. बाहुला नसला तरी अडत नाही. फोमचे मोठे चाक घरंगळत सोडायचे आणि मुलाने तिरपे धावत येऊन ते खांद्याने आवळून पाडायचे. रोज दहा-बारा मिनिटे, दोन्ही खांद्यांनी. पुढची दहा मिनिटे नुसत्या कोनाची, पळणारा आणि धरणारा निम्म्या वेगाने आणि शेवटी फक्त कमरेला हात. आठवड्याच्या १७ तासांत याला सव्वादोन तासांहून जास्त लागत नाही. ते मिळत नसेल, तर तो वेळ आक्रमणाच्या नव्या डावांनी खाल्ला आहे असे खुशाल समजावे.

२०२४मध्ये यूएससीने शेजारच्या यूसीएलएमधून डी'अँटन लिन यांना बचाव प्रशिक्षक म्हणून आणले, त्यांच्या हाताखाली नॉर्थ डकोटा स्टेटचे मुख्य प्रशिक्षक असलेल्या मॅट एंट्झ यांना लाइनबॅकरसाठी घेतले. दिलेल्या गुणांची सरासरी सुमारे ३४वरून सुमारे २४वर आली. एका वर्षात सामन्यामागे १० गुण वाचले, तेही बिग टेनसारख्या दणकट लीगमध्ये. तरीही संघ सात विजय आणि सहा पराभवांवरच थांबला, आणि हे लिहिताना मूठ आवळली जाते. मिशिगनविरुद्धचा सामना घ्या, त्यांनी पासवर अवघे ३२ यार्ड काढले होते. म्हणजे ते पळणारच हे मैदानातल्या पोराटोरांनाही कळत होते. तरी शेवटच्या काही मिनिटांत केलेल मलिंग्ज ६३ यार्ड पळाला आणि ३७ सेकंद उरले असताना चौथ्या डाउनवर एका यार्डाचा टचडाउन झाला, २७-२४. पेन स्टेटविरुद्ध मध्यंतराला २०-६ अशी आघाडी होती, सामना जादा डावात ३३-३०ने गेला. त्यांच्या टायलर वॉरनने १७ पास झेलून २२४ यार्ड केले. त्यातला एक ३२ यार्डांचा टचडाउन तर असा की त्याने स्वतः सेंटरच्या जागेवरून चेंडू मागे दिला आणि स्वतःच पुढे पळत जाऊन झेलला. फळी एका बाजूला सरकवून सेंटर शेवटच्या टोकाला आला की तो झेलायला पात्र ठरतो, हे नियमात आहे. असे उभे राहिलेले दिसताच कोणीतरी ओरडून सांगायला हवे होते.

या दुसऱ्या प्रकारच्या पराभवाचे निदान वेगळे. पहिल्या तीन सत्रांत बचाव उभा राहतो आणि चौथ्यात फाटतो, याचे कारण बहुधा पुढच्या फळीतली माणसे कमी पडणे. १३५-१४० किलोंच्या गड्याने सामन्यात ६० स्नॅप खेळले की शेवटच्या १५मध्ये त्याची पहिली पावले मंदावतात आणि अंग सरळ होते. सरळ झालेला गडी ढकलला जातो. पुढच्या चार जागांसाठी आठ विश्वासू माणसे हवीत, आणि त्यांना पहिल्या सत्रापासून आलटून पालटून खेळवायला हवे. आघाडी असतानाच बदली गड्यांना मैदानावर सोडण्याची छाती प्रशिक्षकांना होत नाही. शिवाय यूएससीचे आक्रमण दीड मिनिटात गुण करून येते तेव्हा बचावाला पाणी प्यायलाही उसंत मिळत नाही, त्याची बाजू घेऊन हेही सांगितले पाहिजे.

याच कारणाने सामन्यामागे दिलेले यार्ड हा आकडा फसवा असतो. भराभर खेळणाऱ्या संघाच्या बचावाला जास्त वेळा मैदानात उतरावे लागते, म्हणून त्याचे यार्ड फुगतात. खरे चित्र तीन आकड्यांत दिसते. समोरच्याच्या हाती चेंडू आल्यावर प्रत्येक खेपेला सरासरी किती गुण गेले, तिसऱ्या डाउनवर किती वेळा त्याला अडवले, आणि २० यार्डांहून लांब असे किती डाव होऊ दिले. हे तिन्ही आकडे सामन्यानंतरच्या अधिकृत तक्त्यावरून पाच मिनिटांत काढता येतात.

आपल्या क्रीडापानावर कॉलेज फुटबॉलच्या बातमीला चार ओळी मिळत असतील, तर त्यातली एक या तीन आकड्यांना द्यावी, ही विनंती. आणि ज्यांना सामना बघायचा आहे त्यांनी पुढच्या रविवारी पहाटे स्नॅप होताना चेंडूकडे बघू नये. आपल्या डाव्या कडेच्या डिफेन्सिव्ह एंडचे पहिले पाऊल बघावे आणि त्याच्या मागचा लाइनबॅकर कुठे जातो ते बघावे. दोघेही आत गेले, तर पुढचे काही सेकंद समालोचकाचा आवाज चढणार आहे.

आपले,
यूएससीचे काही मराठी पाठीराखे,
लॉस एंजेलिस